वहीबाहेरचे कर्ज

राज्याचा अर्थसंकल्प सादर झाला की दुसऱ्या दिवशी सर्वत्र चर्चा होते ती कर्जाच्या आकड्याची. मार्च २०२५ मध्ये मांडलेल्या महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात हे कर्ज मार्च २०२६ अखेर ९ लाख ३२ हजार कोटी रुपयांवर जाईल, असा अंदाज देण्यात आला होता. विरोधी पक्ष अशा आकड्यावर बोट ठेवतो. राज्याच्या स्थूल उत्पन्नाशी त्याचे प्रमाण शेकडा वीसच्या आत आहे, असे उत्तर सरकारपक्ष देतो. दोघांचेही म्हणणे आपापल्या परीने खरे आहे. परंतु दोघेही ज्याविषयी मौन बाळगतात असे आणखी एक कर्ज राज्याच्या डोक्यावर आहे. त्याचे रोखे निघालेले नाहीत आणि त्याची बेरीज अर्थसंकल्पाच्या कोणत्याही पानावर केलेली नाही. ते कर्ज म्हणजे सरकारी नोकरांना दिलेले निवृत्तिवेतनाचे वचन.

वचनाला कर्ज म्हणावे काय, अशी शंका कोणी घेईल. त्याने एका साध्या हिशेबाकडे पाहावे. पंचविसाव्या वर्षी सेवेत लागलेला लिपिक महाराष्ट्रात अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. तो ऐंशी वर्षे जगला तर बावीस वर्षे त्याला निवृत्तिवेतन द्यावे लागते आणि त्याच्यामागे त्याच्या पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन. म्हणजे नेमणुकीच्या एका कागदावर सही करताना सरकार जवळजवळ साठ वर्षांची जबाबदारी पत्करते. जुन्या पद्धतीत कर्मचाऱ्याला अखेरच्या वेतनाच्या निम्मी रक्कम मिळते, तीवर महागाई भत्ता मिळतो आणि वेतन आयोगागणिक ती वाढते. मात्र या जबाबदारीसाठी सेवाकाळात एक पैसाही बाजूस काढून ठेवला जात नाही. ज्या वर्षी देणे उभे राहील त्या वर्षीच्या करांतून ते भागवावयाचे, असा हा व्यवहार आहे. सरकारी हिशेब रोखीच्या पद्धतीने लिहिला जातो. त्यामुळे पैसे हातातून जाईपर्यंत हे देणे वहीत उमटतच नाही.

हा प्रकार फार काळ चालणार नाही हे ओळखून केंद्र सरकारने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या नोकरांसाठी अंशदानाची योजना आणली. कर्मचाऱ्याने वेतनाचा दहावा हिस्सा द्यावा, सरकारने तेवढाच घालावा आणि साठलेल्या निधीतून पुढे वेतन मिळावे, असे तिचे स्वरूप होते. पुढे सरकारचा हिस्सा शेकडा १४ झाला. या बदलाची एक अडचण आरंभापासूनच उघड होती. जुन्यांचे निवृत्तिवेतन आणि नव्यांचे अंशदान असा दुहेरी भार एका पिढीला सोसावा लागणार होता आणि त्याचे फळ पुढच्या पिढीला मिळणार होते. २००५ मध्ये पंचविशीत लागलेला तरुण निवृत्त होईल २०३८ मध्ये. झाड लावणारा एक आणि सावलीत बसणारा दुसरा, अशी ही व्यवस्था. आणि पाच वर्षांच्या मुदतीने निवडून येणाऱ्यांना असे झाड तोडण्याचा मोह आवरणे कठीण जाते.

येथे कर्मचाऱ्यांवर अन्याय होऊ नये. निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नसून सेवेने मिळवलेला हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या नकारा खटल्यात निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे. बाजाराच्या चढउताराचा सारा धोका उतारवयातल्या शिक्षकावर किंवा परिचारिकेवर टाकणे न्याय्य नव्हते, हा त्यांचा आक्षेपही रास्त आहे. मार्च २०२३ मध्ये लाखो कर्मचारी आठवडाभर संपावर गेले, रुग्णालयांचे आणि शाळांचे काम विस्कळीत झाले. परंतु त्या संपामागची भीती खोटी नव्हती. सरकारने निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमली आणि १ मार्च २०२४ रोजी अखेरच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन व त्यावर महागाई वाढ देण्याचे विधिमंडळात जाहीर केले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत योजना मंजूर केली. दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने तिला संमती दिली. पहिली घोषणा लोकसभेच्या आणि दुसरी विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर झाली, हा योगायोग मानण्याइतका वाचक भोळा नाही.

आमचा आक्षेप वचनाला नाही. वचनामागे ठेव किती आहे हे न सांगण्याला आहे. केंद्राच्या एकीकृत योजनेत सरकारचा हिस्सा शेकडा साडेअठरा ठरला, म्हणजे वचनाची किंमत निदान अंशतः तरी मांडली गेली. गुंतवणुकीतून येणारे उत्पन्न आणि दिलेला शब्द यांत जी तूट राहील ती तिजोरीवरच पडणार. त्या तिजोरीची अवस्था काय आहे? वर उल्लेखिलेल्या अर्थसंकल्पातच ४५ हजार ८९१ कोटींची महसुली तूट होती; म्हणजे रोजच्या खर्चासाठीही कर्ज काढावे लागत होते. वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच महसुली उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग जातो. २०२५ मध्ये थकलेल्या देयकांसाठी सरकारी कंत्राटदारांना रस्त्यावर यावे लागले. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब आणि हिमाचल प्रदेश यांनी २०२२ व २०२३ मध्ये जुनी पद्धत परत आणण्याचा मार्ग धरला. रिझर्व्ह बँकेच्या मासिक पत्रिकेत सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या एका अभ्यासलेखाने, सर्व राज्ये या मार्गाने गेली तर एकूण भार नव्या योजनेच्या साडेचार पट होईल, असे अनुमान काढले. या भाराचा शेवट कसा होतो हे पाहावयाचे असेल तर अमेरिकेतील डेट्रॉइट शहराकडे पाहावे. २०१३ मध्ये त्या नगरीने दिवाळे जाहीर केले आणि साध्या नगरसेवकवर्गातल्या नव्हे, तर झाडलोट करणाऱ्या, कचेरीत खर्डेघाशी करणाऱ्या निवृत्त नोकरांच्या मासिक वेतनाला शेकडा साडेचारची कात्री लागली. महागाईची वार्षिक वाढही गेली. आपल्याकडे राज्याने दिवाळे काढावे असा कायदा नाही. येथे देणी लांबतात, पाटबंधाऱ्यांची कामे रखडतात, रिक्त जागा भरल्या जात नाहीत. दिवाळे न वाजवताच त्याचे दुःख लोकांच्या वाट्याला येते.

यावर उपाय नाही असे नाही. पहिला उपाय म्हणजे या वचनांचे विमागणितज्ञांकडून दरवर्षी मूल्यमापन करून ती रक्कम अर्थसंकल्पाबरोबर, कर्जाच्या आकड्याशेजारी छापणे. दुसरा, त्या मूल्यमापनाप्रमाणे सरकारचा हिस्सा वेळच्या वेळी स्वतंत्र निधीत जमा करणे आणि त्या निधीला दुसऱ्या कामासाठी हात न लावण्याचे कायदेशीर बंधन घालणे. तिसरा, महसुली तूट बंद होईपर्यंत कोणतेही नवे कायमचे देणे, मग ते नोकरांचे असो की मतदारांचे, त्याच्या उत्पन्नाची बाजू दाखवल्याविना मंजूर न करणे. ऋण काढून सण करणाऱ्या कुटुंबाला जे शहाणपण आपण शिकवतो, ते सरकारला शिकवण्यात संकोच कशाचा?

कर्मचारी संघटनांनीही या मागणीत पुढाकार घ्यावा, असे आमचे त्यांना सांगणे आहे. निधीविना मिळालेला हक्क हा कागदी हक्क आहे. शिवाय हे देणे जे करांतून भागवणार त्यांत ज्यांना स्वतःला कोणतेही निवृत्तिवेतन नाही असे असंख्य लोक आहेत. श्रावणबाळ योजनेतील निराधार वृद्धाचे मासिक साहाय्य २०२३ मध्ये वाढवून १,५०० रुपये करण्यात आले. काडेपेटी विकत घेतानाही तो वृद्ध सरकारला कर देत असतो. त्याच्यापुढे हिशेब उघडा ठेवणे हे सरकारचे आणि सरकारी नोकरांचेही कर्तव्य आहे.

आज एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू होणारी तरुण शिक्षिका २०६० च्या आसपास निवृत्त होईल. आजचे मंत्री त्या वेळी सत्तेवर नसतील. तिला दिलेला शब्द पाळला जाईल की नाही, हे मात्र आजच्या वहीत काय लिहिले जाते यावर ठरणार आहे. ती वही पुरती लिहिली जावी, एवढीच आमची मागणी आहे.