देवळालीचा ताप

इंग्रजी वाक्प्रचारांच्या तक्त्याइतकं कोरडं वाचन दुसरं नसेल. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, मध्ये बरोबरचं चिन्ह. शिंदखेड्यात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी पोरं हे तक्ते घोकत असतात. कुणी बेटावदचा, कुणी चिमठाण्याचा, सकाळच्या एसटीने आलेला. घरी अहिराणी, वर्गात मराठी, पुस्तकात इंग्रजी. ‘टु टर्न अ ब्लाइंड आय’ म्हणजे काणाडोळा करणे. ‘टु मीट वन्स वॉटर्लू’ म्हणजे दारुण पराभव होणे. परीक्षेत चार पर्यायांतला एक निवडला की गुण मिळतो, आणि निकाल लागेपर्यंत तो वाक्प्रचार डोक्यातून पुसलाही गेलेला असतो.

मी इथे इंग्रजीची शिकवणी घेतो आणि माझं मत पक्कं आहे: गोष्ट सांगितल्याशिवाय वाक्प्रचार टिकत नाही. 1801 साली कोपनहेगनच्या लढाईत माघारीचा इशारा झाला, तेव्हा इंग्रज आरमारातल्या नेल्सनने दुर्बीण आपल्या निकामी डोळ्याला लावली आणि ‘मला काही दिसत नाही’ म्हणाला, अशी आख्यायिका आहे. ही ऐकलेला पोरगा काणाडोळा पुन्हा चुकत नाही. वॉटर्लूला तर आपल्याकडे पानिपत आहेच. 1761 साली आपलं झालं, 1815 साली नेपोलियनचं. ‘कॅरिंग कोल्स टु न्यूकॅसल’ हा वाक्प्रचार आला, तेव्हा मी एवढंच सांगितलं की न्यूकॅसल हे कोळशाच्या खाणींच्या मुलखातलं गाव, तिथूनच कोळसा बाहेर जायचा. मागच्या बाकावरून लगेच उत्तर आलं, ‘म्हणजे नंदुरबारला मिरची विकायला न्यायची.’ गाइडात ‘निरर्थक काम करणे’ असं लिहिलं होतं. कुठलं उत्तर जास्त बरोबर, ते वाचकांनीच ठरवावं.

या तक्त्यांमागचा इतिहास उरकून टाकतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831चा, सुमारे साठ हजार शब्दांची दुसरी आवृत्ती 1857ची. कँडीचा इंग्रजी-मराठी कोश 1847चा. मग वाघिणीचं दूध आलं, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आली. स्वातंत्र्यानंतर काही काळ इंग्रजी आठवीपासून होतं, पुढे पाचवीपासून, आणि 2000 सालापासून पहिलीपासून. ‘रेन अँड मार्टिन’ची लाल पुस्तकं आजही विकली जातात. त्यातला रेन कराचीत हेडमास्तर होता (सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता) आणि त्यानेच पुढे 1924 साली ‘बो जेस्ट’ ही गाजलेली साहसकथा लिहिली, हे व्याकरणाला कंटाळलेल्या पोरांना मी मुद्दाम सांगतो. झाला इतिहास.

गोष्टींचा एक धोका मात्र आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या निम्म्या गोष्टी थापा असतात. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ का म्हणतात? तर म्हणे, गवताने शाकारलेल्या छपरांत कुत्री-मांजरं झोपायची आणि पावसात घसरून खाली पडायची. आमच्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, छपरात कुत्रं कधी झोपतं का! कवी हेन्री वॉनने 1651 साली तशीच काहीशी कल्पना वापरली होती, आणि स्विफ्टच्या 1738च्या पुस्तकात हा वाक्प्रचार आजच्या रूपात सापडतो. पण मुळात तो कुठून आला, याचा खात्रीलायक पुरावा नाही. ‘आय डोन्ट गिव्ह अ डॅम’ यातला डॅम म्हणजे आपल्याकडचं तांब्याचं नाणं दाम, अशीही एक सुरस व्युत्पत्ती आहे. यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या 1886च्या जाडजूड कोशाने ती उचलून धरली होती. कोशकारांनी पुढे ती फेटाळली. मला वाईट वाटलं, पण इलाज नाही.

आता माझ्या लाडक्या वाक्प्रचाराकडे येतो. तो कुठल्याही गाइडात नाही, कुठल्याही परीक्षेत विचारलेला मी पाहिलेला नाही. इंग्लंडात एखाद्याचं डोकं फिरलं की म्हणतात, ‘ही हॅज गॉन डुलाली.’ हे डुलाली म्हणजे आपली देवळाली. होय, नाशिक रोडच्या पुढचं स्टेशन!

1861 साली ब्रिटिशांनी तिथे छावणी बसवली. विलायतेहून आलेल्या गोऱ्या पलटणींनी आधी इथल्या हवेला सरावायचं आणि मग देशभर पांगायचं. मुदत संपलेल्यांनी परतीच्या बोटीसाठी इथेच थांबायचं. गोम अशी की सैन्याच्या बोटी साधारण हिवाळ्याच्या महिन्यांतच सुटत. एखाद्याची मुदत बोटींचा हंगाम संपल्यावर भरली, तर त्याला अख्खा उन्हाळा आणि पावसाळा देवळालीत काढावा लागे. नोकरी जवळजवळ संपलेली, कवायत नावाला, घर हजारो मैलांवर. काय करणार? दारू, जुगार, मारामाऱ्या. वरून हिवताप. या रिकाम्या वाट पाहण्यात काहीजण खरोखरच बिघडले, आणि शिपाई म्हणू लागले, ‘ह्याला डुलाली टॅप झालाय.’ हा टॅप म्हणजे नळ नव्हे. वर्गात मी शब्द फळ्यावर लिहून नुसता थांबतो. कुणीतरी ओरडतंच, ‘सर, हाऊ ते आपला ताप शे!’ त्यांचं खरं आहे. आपला ताप किंवा फारसी-उर्दूतला तप, घराणं एकच. गावाचं नाव आपलं, तापही आपला, आणि वाक्प्रचार इंग्रजांचा.

फ्रँक रिचर्ड्स नावाचा शिपाई विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉयल वेल्श फ्युझिलिअर्समधून हिंदुस्थानात आला होता. त्याचं ‘ओल्ड सोल्जर साहिब’ हे आठवणींचं पुस्तक 1936 साली निघालं, त्यात हा डुलाली टॅप भेटतो. सेनापतींच्या आत्मचरित्रांपेक्षा मला हे पुस्तक प्रिय आहे, कारण ते बराकीतून लिहिलेलं आहे आणि डुलाली टॅप हा बराकीतलाच ऐवज आहे. दुसऱ्या महायुद्धातही देवळालीत गोरे सैनिक होते. जिमी पेरी हा तोफखान्यातला तरुण तिथे करमणुकीच्या पथकात होता. त्याने डेव्हिड क्रॉफ्टबरोबर त्यावर बीबीसीची विनोदी मालिका लिहिली, ‘इट एंट हाफ हॉट मम’. ती 1974 ते 1981 चालली. हिंदुस्थानी माणसं रंगवण्याची तिची तऱ्हा आज खटकते, आणि खटकायलाच हवी.

हे सगळं वाचून झाल्यावर गप्प बसवेना. शिंदखेड्याहून एसटीने धुळं, मग चाळीसगाव, तिथून भुसावळकडून येणारी गाडी धरून देवळाली गाठली. वेड लागण्याची जागा बघायला गेलो, तर तिथे हवापालटाला आलेली माणसं भेटली! पारशी-गुजराती सॅनिटोरियमं, झाडीतले बंगले, लॅम रोडवरून सावकाश फिरणारी म्हातारी मंडळी. खंडोबाच्या टेकडीवर चढून बसलो. चढण सोपी, वारा असा की मे महिन्यातला शिंदखेडा आठवून मी मनातल्या मनात त्या गोऱ्यांना चार शब्द सुनावले. बाबांनो, आमच्याकडे तापीकाठी एक उन्हाळा काढला असता तर? लष्कर तिथे आजही आहे, तोफखान्याचं प्रशिक्षण चालतं, त्यामुळे जुन्या बराकी शोधत फिरण्याची सोय नाही. एका चहावाल्याला डुलालीची गोष्ट सांगितली. त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि पैसे आधी मागितले.

शिपायांनी असं पुष्कळ सामान घरी नेलं. ‘टेक अ डेको’ यातला डेको म्हणजे देखो. आरामाच्या नोकरीला ‘कुशी जॉब’ म्हणतात, त्यात आपली खुशी दडलेली आहे, असं कोश सांगतात. ‘हॉब्सन-जॉब्सन’ हे नावही मोहरममधल्या ‘या हसन, या हुसेन’चं बराकीतलं रूप. हे शब्द साहेबांच्या कचेरीतून गेले नाहीत, साध्या शिपायांच्या तोंडून गेले, म्हणूनच टिकले असं मला वाटतं.

जाता जाता आणखी एक, कारण याच्यावर बोलायची संधी मी सोडत नाही. ‘वन्स इन अ ब्ल्यू मून’ म्हणजे क्वचित. गाइडात ‘कधीतरी’ लिहून मोकळे होतात. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला ब्ल्यू मून म्हणतात. हा अर्थ 1946 साली एका अमेरिकी खगोल मासिकातल्या लेखाने जुन्या पंचांगाचा चुकीचा अर्थ लावल्यामुळे रूढ झाला. पण चूक असली तरी गणित आपल्या ओळखीचं आहे. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी तोकडं. ते अंतर साठत जातं आणि साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी आपल्याकडे अधिक महिना येतो. तिकडे ब्ल्यू मूनही जवळपास तेवढ्याच अंतराने उगवतो. साहेबाला त्यात दुर्मिळपणा दिसला, आपल्याला दुष्काळातला तेरावा महिना दिसला, आणि सासूबाईंना जावयाचे धोंडे. 2026च्या मे महिन्यात दोन्ही हिशेब एकाच रात्री जुळतात: 1 तारखेला बुद्धपौर्णिमा, आणि 31 तारखेची पौर्णिमा अधिक ज्येष्ठातली. तेव्हा वाक्प्रचार पाठ करणाऱ्या जावयांनी त्या महिन्यात सासरी जेवायला जाताना ‘वन्स इन अ ब्ल्यू मून येतो’ असं खुशाल म्हणावं. पंचांगाची त्याला हरकत नाही.