रविवारची मिस्सा आणि सोमवारची हजेरी

श्रोतेहो, माझे नाव ऐकून कोल्हापुरातील पुष्कळ लोक मला प्रथम एकच प्रश्न विचारीत आले आहेत : "मास्तर, तुम्ही वायल्डर चर्चचे का?" प्रश्न स्वाभाविक आहे. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली या नगरीत आले. त्यांच्यामागून मिशनच्या शाळा आल्या, आणि ख्रिस्ती म्हणजे मिशनचा, असे समीकरण येथे रूढ झाले. शाहू छत्रपतींच्या काळी जातीजातींच्या विद्यार्थ्यांसाठी जी वसतिगृहे निघाली, त्यांच्या यादीतही इंडियन ख्रिश्चन वसतिगृहाचे नाव आहे. तथापि मिशनची ही मंडळी प्रॉटेस्टंट पंथाची; आम्ही रोमच्या पोपना मानणारे कॅथलिक. आमची घरे या शहरात तुरळकच. आजरा, चंदगड, गडहिंग्लज या बाजूस ती आढळतात, कारण तेथून घाट उतरला की गोवा फार दूर नाही. माझे आजोबा त्याच वाटेने वर आले. घरात कोंकणी, शाळेत मराठी आणि मिस्सेत लॅटिन, अशा तीन भाषांत माझे वडील वाढले.

हे लॅटिन माझ्या बालपणी गेले. १९६२ ते १९६५ या काळात रोम येथे दुसरी व्हॅटिकन परिषद भरली व तिने उपासनेत लोकभाषेला वाव दिला. वस्तुतः फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्वीटाने आपले 'क्रिस्तपुराण' गोव्यात मराठी ओवीत रचून १६१६ सालीच छापविले होते. म्हणजे जी गोष्ट एका परदेशी पाद्र्यास उमगली, ती संपूर्ण धर्मसभेच्या गळी उतरण्यास साडेतीनशे वर्षे लागली! असो. धर्मसभा सावकाश चालते, हे तिचे सामर्थ्यही आहे आणि खोडही आहे.

मला आज निवेदन करावयाचे आहे ते इतकेच की, कॅथलिक धर्म हा केवळ मनात बाळगण्याचा विश्वास नव्हे. तो वेळेचा, देहाचा आणि पैशाचाही धर्म आहे. वारकऱ्यांस हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही; एकादशी चुकवून आणि वारी टाळून केवळ मनात विठ्ठल ठेवला म्हणून कोणी वारकरी ठरत नाही. तद्वत कॅथलिकाने रविवारी मिस्सेस गेले पाहिजे. राखेच्या बुधवारपासून पुढे चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ पाळला पाहिजे. गंभीर पाप घडले असल्यास वर्षातून निदान एकदा धर्मगुरूपुढे गुडघे टेकून ते उच्चारले पाहिजे. या सर्वांस दिवस लागतो, स्थळ लागते, शेजार लागतो. आधुनिक जीवन धर्माशी वाद घालीत नाही. ते हा दिवस, हे स्थळ आणि हा शेजारच काढून घेते.

रविवारचेच पाहा. माझा एक जुना विद्यार्थी ओतकामाच्या कारखान्यात आहे. त्याची साप्ताहिक सुट्टी सोमवारी. रविवारी सकाळी चर्चची घंटा वाजते तेव्हा तो भट्टीपुढे उभा असतो. धर्मसभेने अशांचा विचार केलेला आहे. शनिवारी सायंकाळी मिस्सेस गेल्यास रविवारचे कर्तव्य पुरे झाले असे मानतात, आणि खरोखरच अशक्य असेल त्यास दोष लागत नाही. नियम दयाळू आहे; परंतु दयाळू नियमाचा फायदा ज्यास गरज नाही तोच अधिक घेतो. याचा दाखला मीच. चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेसाठी मी सात वर्षे रविवारी सकाळी आठ वाजता खासगी शिकवणी घेतली. मिस्साही आठचीच. पत्नी मुलीला घेऊन चर्चला जाई, आणि मी फळ्यावर त्रैराशिके मांडीत बसे. कोणी विचारल्यास 'मुलांचे नुकसान होते' असे सांगे. नुकसान होणार होते ते माझ्या फीचे.

ते अखेरीस मनाला टोचू लागले, आणि २००९ सालच्या प्रायश्चित्तकाळात मी पापनिवेदनास गेलो. येथे बिगरख्रिस्ती श्रोत्यांसाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. पापनिवेदन म्हणजे दुःख हलके करण्याकरिता केलेले संभाषण नव्हे. त्यात पश्चात्ताप हवा, पापाचा स्पष्ट उच्चार हवा, आणि घडलेल्या हानीची शक्य तेवढी भरपाई हवी. चोराने 'चुकलो' म्हटले आणि चोरलेली गाय गोठ्यात तशीच ठेवली, तर त्या क्षमेस अर्थ नाही. धर्मगुरूने ऐकलेले तो कोणासही सांगू शकत नाही. न्यायालयाने विचारले तरी नाही. मात्र निवेदन करणाऱ्यास स्वतःचे सांगण्याची मोकळीक असते, म्हणून मी आज सांगत आहे.

रविवारच्या शिकवणीचे सांगून झाले. उठता उठता मी आणखी एक गोष्ट सहज बोलून गेलो. माझ्या वर्गाच्या हजेरीपटावर अकरा नावे अशी होती की ती मुले शाळेत नव्हतीच. बहुतेकांचे आईबाप मजुरीसाठी गाव सोडून गेले होते. नावे मी ठेवली, कारण ३० सप्टेंबरची पटसंख्या पाहून शिक्षकांची पदे मंजूर होतात, आणि संख्या घटली तर आमच्यातील सर्वांत कनिष्ठ शिक्षक अतिरिक्त ठरणार होता. पाच शिक्षकांनी आपसात तसे ठरविले होते. त्यात कोणाचा एक पैशाचाही लाभ नाही, उलट एका गरीब सहकाऱ्याची भाकर वाचते, अशी माझी समजूत होती. मला ते पाप वाटतच नव्हते. फार तर कागदाची तडजोड.

फादर तरुण होते. माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "मास्तर, त्या अकरा मुलांच्या नावावर येणारा तांदूळ कोठे जातो?"

मी म्हणालो, "मला ठाऊक नाही, फादर."

"ठाऊक नाही, की आपण विचारले नाही?"

शालेय पोषण आहाराची योजना १९९५ साली सुरू झाली, तेव्हा मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळे. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ सालच्या आदेशानंतर शाळेत शिजविलेले अन्न देणे आले. प्राथमिक वर्गाच्या मुलामागे दिवसाला शंभर ग्रॅम धान्य. अकरा मुलांचे एक किलो शंभर ग्रॅम. शाळेचे दोनशे दिवस धरले तर दोनशेवीस किलो. ज्याने तीस वर्षे मुलांना हेच गणित घातले, त्यास स्वतःच्या हजेरीपटावर ते कधी मांडावेसे वाटले नाही.

फादरांनी दोन गोष्टी सांगितल्या. नव्या वर्षाच्या पटावर खोटे नाव लिहावयाचे नाही. आणि तांदळाची किंमत आपल्या खिशातून द्यावयाची, पण चर्चच्या पेटीत नव्हे. "ते धान्य भुकेल्या मुलांचे होते, तसल्याच मुलांकडे जाऊ द्या." त्याप्रमाणे त्या हंगामात मी ऊसतोडणी मजुरांच्या कोप्यांवर धान्य पोहोचविले. हे सोपे होते. जून महिन्यात नावे कमी करणे मात्र सोपे नव्हते. मी इतरांच्या पटांविषयी अवाक्षर काढले नाही. फक्त माझा पट खरा लिहिला. तेवढ्याने संख्या घसरली, एक पद गेले, आणि तो कनिष्ठ शिक्षक अतिरिक्त ठरून दूरच्या तालुक्यात फेकला गेला. त्याची आई अंथरुणाला खिळलेली, मूल दोन वर्षांचे. जाण्यापूर्वी तो माझ्या घरी आला. पत्नीने पुढे केलेला चहा त्याने घेतला नाही. उभ्यानेच म्हणाला, "सर, तुमचा आत्मा सुटला, पण बदली माझी झाली."

श्रोतेहो, या वाक्यास माझ्याजवळ आजही उत्तर नाही. मी पुन्हा फादरांकडे गेलो. धर्मशास्त्रातील एखादा दिलासा मिळेल अशी माझी अपेक्षा होती. ते म्हणाले, "खरे लिहिले ते योग्यच केले. आता त्या मुलाच्या बदलीसाठी आपण हेलपाटे घाला." मी घातले. अर्ज लिहिले, कचेऱ्यांच्या बाकांवर बसलो. दोन वर्षांनी तो जवळच्या गावी आला. माझ्याशी तो बोलत नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर सर्व शाळांची पटपडताळणी एकाच वेळी झाली व खोट्या पटांचा गवगवा झाला, तेव्हा काही जणांनी 'मास्तर, तुम्ही आधीच शहाणे झालात' म्हणून माझे अभिनंदन केले. ते मला रुचले नाही. पकडले जाण्याच्या भयाने जे केले नव्हते, त्यास शहाणपणाचे प्रशस्तिपत्र कशाला?

आम्ही येथे मूठभर आहोत, म्हणून आमच्या परीक्षा अशा एकेकट्याने होतात. जेथे संबंध गावेच कॅथलिक आहेत तेथे धर्म सुलभ असेल, असे मला पूर्वी वाटे. मग माझी मुलगी वसईस दिली, आणि तो समज गेला.

वसई पोर्तुगीजांनी १५३४ साली मिळविली व १७३९ साली चिमाजी अप्पांनी त्यांच्याकडून जिंकून घेतली. पोर्तुगीज गेले, ख्रिस्ती झालेली गावे आपल्या शेतात, आपल्या बोलीत राहिली. तेथील सामवेदी बोली प्रथम ऐकली तेव्हा मला निम्मी उमगली नाही, परंतु मिस्सा शुद्ध मराठीत. केळी, पानवेली, फुले, भाजी हा तेथला जुना धंदा. आणि त्याचा प्राण म्हणजे बावखल. गोड्या पाण्याचे हे तळे वाडीतच असते. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते, आणि पूर्वी रहाटाने ते बागेस देत. एकीकडे समुद्र, दुसरीकडे खाडी. गोडे पाणी जमिनीतून उपसून संपविले की खारे पाणी आत सरकते. मुंबईची लोकल जवळ आल्यावर इमारती आल्या, इमारतींना टँकर लागले, टँकरांना विहिरी लागल्या.

या उपशाविरुद्ध आणि हिरवा पट्टा बांधकामास मोकळा करण्याविरुद्ध, १९८८ च्या सुमारास हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. तिचे पुढारी एक धर्मगुरू होते : फादर फ्रान्सिस दिब्रिटो. पुष्कळ वर्षे त्यांनी 'सुवार्ता' हे मराठी मासिक चालविले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथील त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. जुलै २०२४ मध्ये ते निवर्तले. पाद्र्याने विहिरींच्या भानगडीत का पडावे, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला जाई. पोप फ्रान्सिस यांनी पृथ्वीच्या रक्षणाविषयीचे आपले परिपत्रक २०१५ साली काढले. वसईच्या लोकांना तो पाठ त्याआधी पंचवीस वर्षे एका गावच्या पाद्र्याने दिला होता. अशी गोष्ट धर्मसभेत नवीनही नव्हे. तेरावे लिओ यांनी १८९१ साली कामगारांच्या हक्कांविषयी परिपत्रक काढले, आणि मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनी लिओ हे नाव धारण करण्याचे कारण सांगताना त्याचाच आधार घेतला. यंत्रांची नवी बुद्धिमत्ता ही आजची औद्योगिक क्रांती आहे, असे त्यांचे म्हणणे.

परंतु मोर्चात चालणे वेगळे आणि आपली वाडी राखणे वेगळे. माझे व्याही त्या आंदोलनात चालले होते. गेल्या वर्षी मी तिकडे गेलो असता त्यांनी मला आपल्या बावखलाच्या काठावर नेले. पाणी हिरवे झालेले, रहाट केव्हाच मोडलेला. एक बांधकामवाला ते बुजवून जागा घेण्यास तयार होता. दोघे मुलगे नोकरीवर. नातू शिकावयास परदेशी जाऊ पाहणारा. त्यास पैसा हवा.

"मास्तर," ते म्हणाले, "मी दर रविवारी मिस्सेस जातो. हे विकले तर मला पाप लागेल का, सांगा."

मी म्हणालो, "मी मास्तर आहे, फादर नव्हे."

"फादरना विचारले मी. ते म्हणाले, शेजारच्या विहिरींचे पाणी कोठून येते ते आधी पाहा, मग माझ्याकडे या."

मला हसू आले. कोल्हापूरचे फादर आणि वसईचे फादर एकमेकांस कधी भेटले नसावेत. आम्ही दोघे मिळून त्या पाण्याच्या कडेने लागून असलेल्या विहिरी मोजल्या. सात भरल्या. त्यांतील तीन भावबंदांच्या, एक एका विधवेची, एक शाळेची. व्याही बराच वेळ काही बोलले नाहीत. मग सायंकाळची जपमाळ सुरू झाल्याचा आवाज घरातून आला, तेव्हा आम्ही आत गेलो. विक्रीचे त्यांनी अद्याप ठरविलेले नाही. बांधकामवाल्याचा माणूस महिन्यातून एकदा येऊन जातो, असे मुलीचे पत्र आहे.