ताम्रोपचार, सागरी मत्स्यालयातील
खाऱ्या पाण्यातील शोभिवंत माशांच्या परजीवी रोगांवर पाण्यात तांब्याचे लवण विरघळवून केला जाणारा उपचार. क्रिप्टोकॅरिऑन इरिटॅन्स या प्रजीवामुळे माशाच्या त्वचेवर व कल्ल्यांवर पांढरे ठिपके उठतात. पूर्ण वाढलेला परजीवी गळून तळाशी पुटी तयार करतो. तीतून बाहेर पडलेल्या पोहणाऱ्या अवस्था पुन्हा माशाला चिकटतात. तांब्याने केवळ या पोहणाऱ्या अवस्था मरतात. त्वचेत रुतलेले परजीवी व पुटी बचावतात. म्हणून ठिपके नाहीसे होणे हे रोगमुक्तीचे लक्षण नव्हे.

तांबे प्रवाळ, कोळंबी इत्यादींना विषारी असते व चुनखडीयुक्त वाळूत शोषले जाते. त्यामुळे उपचार वाळूविरहित स्वतंत्र टाकीत करतात. मुक्त ताम्र आयनांचे प्रमाण दर लिटरला ०·१५ ते ०·२० मिग्रॅ. राखून ते दररोज मोजतात व उपचार सुमारे तीन आठवडे चालवितात. तथापि मूळ टाकीतील काही पुटी महिन्याहूनही अधिक काळ टिकतात. मासा लवकर परत सोडल्यास त्याला पुन्हा संसर्ग होतो. यास्तव ती टाकी किमान सहा, शक्यतो दहा ते अकरा आठवडे माशांविना ठेवतात. प्रवाळादी अपृष्ठवंशी प्राणी तीत राहू शकतात. त्यांवर हा परजीवी वाढत नाही.

उपचारानंतर मासा काही दिवस ताम्रविरहित पाण्यात निरीक्षणाखाली ठेवतात. परत सोडताना दोन्ही टाक्यांतील पाण्याची लवणता व तापमान जुळवितात आणि फक्त मासा उचलून सोडतात. उपचाराचे पाणी मूळ टाकीत जाऊ देत नाहीत.