चिखलात पकड देणारे लोखंडी चाक

जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, घाटघर किंवा आहुप्याच्या भातखाचरांत, चिखलणीच्या वेळी रबरी टायरच्या खाचा चिखलाने भरतात आणि चाक जागीच फिरू लागते. त्यावरचा उपाय म्हणजे केज व्हील: लोखंडी कड्यांना आडव्या पट्ट्या वेल्ड केलेले जाळीदार चाक. या पट्ट्या मऊ थर कापून खालच्या घट्ट तळाला भिडतात.

पण चाक कोणते घ्यावे? पॉवर टिलरचे टायर काढून पूर्ण लोखंडी चाके चढवतात. डोंगरउतारावरच्या अरुंद खाचरांना हीच जोडी सोयीची. ट्रॅक्टरला बहुधा टायरच्या बाहेरून अर्धे केज व्हील जोडतात. त्याचा व्यास टायरपेक्षा किंचित कमी असावा, म्हणजे घट्ट जमिनीवर भार टायरच पेलतो. रुंद चाकाने यंत्र कमी रुतते हे खरे, मात्र ॲक्सलवर ताण येतो आणि बांधाजवळ वळणे अवघड होते.

डांबरी रस्त्यावर ही चाके अजिबात नेऊ नयेत. पट्ट्यांनी रस्ता उखडतो, तेव्हा शेतातच चाके बदलायला लागणारा वेळ आधीच हिशेबात धरावा.