मतचाचणी, जागा आणि आघाडी : औरंगाबाद मतदारसंघाच्या आधारे एक विवेचन

मतदारांच्या लहानशा नमुन्यावरून संपूर्ण मतदारवर्गाच्या कलाचा अंदाज बांधणे, हे मतचाचणीचे कार्य होय. तिचे यशापयश केवळ नमुन्याच्या शुद्धतेवर अवलंबून असते, असा समज रूढ आहे. वस्तुतः मतांचे जागांत रूपांतर कोणत्या नियमाने होते, यावरही ते तितकेच अवलंबून असते. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीतील औरंगाबाद मतदारसंघाच्या उदाहरणावरून ही गोष्ट स्पष्ट होते.

त्या निवडणुकीत इम्तियाज जलील यांना ३,८९,०४२, चंद्रकांत खैरे यांना ३,८४,५५०, अपक्ष उमेदवार हर्षवर्धन जाधव यांना २,८३,७९८ आणि काँग्रेसचे सुभाष झांबड यांना ९१,७८९ मते मिळाली. विजयी उमेदवाराचे मताधिक्य अवघे ४,४९२, म्हणजे झालेल्या सुमारे बारा लाख मतांच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी होते. सुमारे दोनतृतीयांश मते विजयी उमेदवाराच्या विरोधात पडली होती. तथापि सर्वाधिक मते मिळविणाराच निवडून येतो, या नियमानुसार ती एकमेव जागा त्यांच्याकडे गेली.

अशा लढतीचे भाकीत करू पाहणाऱ्या पाहणीकारापुढे पहिली अडचण नमुन्याची असते. या मतदारसंघात शहरातील तीन विधानसभा क्षेत्रांबरोबरच कन्नड, गंगापूर आणि वैजापूर ही क्षेत्रेही येतात. केवळ गारखेडा परिसरातील वसाहतींत घरोघर फिरून हजार उत्तरे गोळा केली, तर गारखेड्याचा कल कळेल. जुन्या शहराचा अथवा वैजापूरच्या शेतकऱ्याचा कळणार नाही. म्हणून लोकसंख्येचे स्तर पाडून प्रत्येकातून प्रमाणशीर नमुना घ्यावा लागतो.

नमुना निर्दोष असला तरी दुसरी अडचण उरतेच. हजार मतदारांच्या यादृच्छिक नमुन्यात प्रमुख उमेदवाराच्या मतप्रमाणात अधिक-उणे सुमारे ३ टक्क्यांची चूक संभवते. पहिल्या दोघांतील अंतर मात्र सुमारे ०.३७ टक्का होते. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या ९५ टक्के विश्वासपातळीवर एवढे अंतर ओळखावयाचे, तर दीड लाखाहून अधिक मतदारांना प्रश्न विचारावे लागले असते. अशी पाहणी व्यवहारात अशक्यप्राय होय. सारांश, येथे भाकीत चुकल्यास तो पाहणीकाराचाच दोष असेल असे नाही. तो पुष्कळदा निर्वाचनपद्धतीचा परिणाम असतो.

आता हीच मते प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या पद्धतीने मोजली गेली असती, अशी कल्पना करू. हे चौघे चार याद्यांचे प्रमुख आहेत आणि एकंदर १२ जागा वाटावयाच्या आहेत, असे समजू. दोंत पद्धतीत प्रत्येक यादीच्या मतांना क्रमाने १, २, ३, ४ याप्रमाणे भागून सर्वांत मोठे १२ भागाकार निवडले जातात. त्यानुसार जागा अनुक्रमे ४, ४, ३ आणि १ अशा पडतात. ४,४९२ मतांचे जे अंतर प्रत्यक्षात निर्णायक ठरले, ते येथे एका जागेचाही फरक करीत नाही.

आघाडीच्या दृष्टीने हा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. बहुमतास ७ जागा लागतात. पहिल्या तिघांपैकी कोणतेही दोघे एकत्र आल्यास बहुमत होते. चौथ्या यादीची एक जागा कोणालाही निर्णायक साहाय्य करू शकत नाही. मतचाचणीतील चुकीमुळे ती जागा पहिल्या यादीकडे गेली, तरी ५, ४, ३ या वाटपात हेच समीकरण टिकते. म्हणजे प्रमाणशीर पद्धतीत जागांचा अंदाज किंचित चुकला, तरी संभाव्य आघाड्यांचा अंदाज पुष्कळदा अचूक राहतो. अर्थात पद्धत बदलल्यास मतदारांचे आणि पक्षांचे वर्तनही बदलते, हे ध्यानात ठेवून हे गणित केवळ दृष्टांत म्हणून घ्यावे.

सर्वाधिक मतांच्या पद्धतीत आघाडीची बोलणी मुख्यतः मतदानापूर्वी होतात, कारण मतविभागणीची किंमत तत्काळ मोजावी लागते. प्रमाणशीर पद्धतीत ती बहुधा निकालानंतर होतात. हा भेद मात्र आत्यंतिक नव्हे. २०१९ च्या महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीत भारतीय जनता पक्षाबरोबर लढलेल्या शिवसेनेने ५६ जागांनिशी राष्ट्रवादीच्या ५४ आणि काँग्रेसच्या ४४ सदस्यांसह नोव्हेंबरात सरकार स्थापिले. त्या जुळणीचे भाकीत मतदारांना विचारून करता आले नसते. ते नेत्यांच्या मनात डोकावूनच करावे लागले असते.

संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी प्रमाणशीर पद्धतीस विरोध करताना साक्षरतेची अट आणि सरकारच्या स्थैर्याची निकड पुढे मांडली होती. तो वाद येथे मिटविण्याचा हेतू नाही. मतचाचणीच्या अभ्यासकाने मात्र एक पथ्य पाळावे : अंदाज प्रसिद्ध करताना नमुन्यातील चूक आणि लढतीतील अंतर ही दोन्ही एकाच ओळीत मांडावीत. अंतर चुकीहून लहान असेल, तर विजेत्याचे नाव न सांगणे हेच शास्त्रीय उत्तर होय.