रिले १० वर नेला आणि मोटार जळाली: हातातलं कौशल्य आणि डोक्यातलं बेसिक, दोन्ही का लागतं?



इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला शाखा कोणतीही असो, बेसिक इलेक्ट्रिकलचा पेपर सगळ्यांनाच असतो. मी कॉम्प्युटरवाला, पण थ्री फेज पॉवरचं सूत्र पाठ करून चांगले मार्क पाडले होते. त्याच मे महिन्यात भडगावला घरी आलो, तर शेतातली ५ एचपीची मोटार दर थोड्या वेळाने बंद पडत होती. वडील म्हणाले, "तू इंजिनिअरिंगले शे ना, मंग देख बरं."

मी स्टार्टरचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि झाकण परत लावलं!

मग वायरमन आला. त्याने ओव्हरलोड रिलेची चकती साडेसातवरून १० वर फिरवली. मोटार चालायला लागली, सगळे खूश. चार दिवसांनी रात्रीच्या लाईटीत मोटार जळाली. रिवाइंडिंग होऊन ती परत बसेपर्यंत ऐन मे महिन्यात केळी सहा दिवस पाण्यावाचून राहिली.

नेमकं काय झालं?

५ एचपी म्हणजे साधारण ३.७ किलोवॅट. ४१५ व्होल्टवर, मोटारीची कार्यक्षमता आणि पॉवर फॅक्टर धरून, ती सात-साडेसात अँपिअर करंट घेते. हा आकडा मोटारीच्या नेमप्लेटवर लिहिलेला असतो आणि रिलेची चकती त्याच आकड्यावर ठेवायची असते. रिलेमध्ये दोन धातूंच्या जोडपट्ट्या असतात. करंट वाढला की त्या तापून वाकतात आणि स्टार्टर पाडतात.

आमच्याकडे डीपीवरचा एक फ्यूज सैल होता, त्यामुळे मधूनच एक फेज जायचा. चालू मोटार अशा वेळी थांबत नाही. उरलेल्या दोन फेजवर ती तेवढाच भार ओढत राहते आणि त्यांतला करंट साधारण पावणेदोन पट होतो, म्हणजे १२-१३ अँपिअर.

आता हिशेब बघा. रिले साडेसातवर असेल तर हा करंट दीडपटीहून जास्त आहे, त्यामुळे पट्ट्या काही मिनिटांत वाकतात आणि मोटार वाचते. रिले १० वर असेल तर तोच करंट जेमतेम सव्वापट ठरतो. पट्ट्यांना वाकायला कितीतरी जास्त वेळ लागतो आणि तोवर वाइंडिंगचं इन्सुलेशन जळून जातं.

म्हणजे रिले बिघडलेला नव्हताच. तो रोज ओरडून सांगत होता की वरून फेज जातोय. आम्ही त्याचंच तोंड बंद केलं. कोड लिहिणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल: एरर येते म्हणून ट्राय-कॅच टाकायचा, कॅच रिकामा ठेवायचा आणि "झालं फिक्स" म्हणायचं.

चूक कोणाची?

वायरमनला रिले कुठे आहे ते माहीत होतं, तो साडेसातवर का आहे ते माहीत नव्हतं. मला साडेसात कसे येतात ते कागदावर काढता येत होतं, पण तो आकडा एका चकतीवर असतो हे माहीत नव्हतं. त्याला बेसिक कोणी शिकवलं नाही आणि मला पेचकस कोणी हातात दिला नाही. आपल्या तांत्रिक शिक्षणाची ही सरळसरळ फाळणी आहे.

पाबळने काय केलं?

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. त्याआधी ते हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात होते. आश्रमात गावाकडची मुलं वर्कशॉप, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य अशा चारही विभागांत काम करत शिकतात. आधी वस्तू बनवायची, तिचा हिशेब मांडायचा आणि त्या ओघात विज्ञान समजून घ्यायचं, अशी पद्धत. २००२ मध्ये एमआयटीच्या मदतीने तिथे फॅब लॅबही उभी राहिली.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीच्या दरम्यान १० दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची कल्पना आहे. पण नुसतं बघून येण्याने काही होणार नाही. "हा आकडा एवढाच का?" हे तिथे विचारलं गेलं पाहिजे.

तुम्ही काय करू शकता?

१. नेमप्लेट वाचा. मोबाईल चार्जरवर ५ व्होल्ट, २ अँपिअर लिहिलंय? म्हणजे १० वॅट. घरातल्या प्रत्येक यंत्राचं असं गणित करा.

२. आधी अंदाज, मग मोजमाप. साधा मल्टिमीटर घ्या. टॉर्चच्या सेलचं व्होल्टेज बल्ब न लावता मोजा, मग बल्ब लावून मोजा. थोडं कमी का झालं ते शोधा. घरच्या लाईनवर किंवा थ्री फेजवर मात्र जाणकार सोबत असल्याशिवाय हात घालू नका.

३. एरर पूर्ण वाचा. एआयला विचारण्याआधी स्वतःचा अंदाज एका ओळीत लिहा. अंदाज चुकला तरी शिकायला मिळतं.

४. आयटीआय किंवा डिप्लोमावाले असाल तर उलट करा. कोणतंही सेटिंग बदलण्याआधी ते तिथे का ठेवलंय हे विचारा.

आमच्या डीपीवरचा फ्यूज नंतर नीट बसवून घेतला, सिंगल फेज प्रिव्हेंटर लावला आणि रिले परत साडेसातवर आणला. वडिलांनी स्टार्टरच्या झाकणावर रंगाने ७.५ लिहून ठेवलंय. आता कोणी चकतीला हात लावायला गेलं की ते आधी विचारतात, "काब्रं?"