एमबीएच्या वर्गातली मासळी आणि आमच्या बोअर

मागच्या उन्हाळ्यात आमच्या मंडळातल्या एका गावात बोअरची गाडी शिरली ती आठवडाभर हललीच नाही. एकाने ४०० फूट मारली म्हणून शेजाऱ्याने ५००, ते बघून तिसऱ्याने ६००. एका बागायतदाराची ती आठवी बोअर होती. आधीच्या सातही कोरड्या. मी म्हटलं, "आप्पा, आता पुरे करा." आप्पा म्हणाले, "साहेब, मी थांबलो तर शेजारी थांबणार हाय का? माझ्या वाटणीचं पाणी त्याच्या मोटारीतनं जाणार." माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या पदविकेच्या अभ्यासात मोटार किती अश्वशक्तीची बसवावी हे होतं. शेजारी थांबत नसेल तर काय करावं, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

दिवाळीत माझा भाचा घरी आला. तो पुण्यात एमबीए करतोय. त्यांना 'सस्टेनेबिलिटी' म्हणजे शाश्वत विकास असा विषय आहे. म्हणाला, "मामा, वर्गात आम्हाला मासे पकडायचा खेळ लावला." एवढी फी भरून मासे पकडायचे, म्हणून मी हसलो. पण नीट ऐकल्यावर हसू थांबलं.

खेळाचं नाव 'फिशबँक्स'. अमेरिकेतल्या डेनिस मेडोज यांनी तो तयार केला आणि तिथल्या एमआयटीच्या व्यवस्थापन शाळेतही तो शिकवण्यात वापरतात. पोरांचे गट पाडायचे, प्रत्येक गट म्हणजे मासेमारीची एक कंपनी. बोटी किती घ्यायच्या, खोल समुद्रात किती पाठवायच्या, हे दरवर्षी ठरवायचं. ज्याची मालमत्ता जास्त, तो जिंकला. समुद्रात मासे किती उरले ते मात्र कोणाला नेमकं ठाऊक नसतं. बहुतेक वेळा थोड्याच वर्षांत मासे संपतात आणि बोटी नुसत्या उभ्या राहतात. कंपन्या चालवायला शिकणारी हुशार पोरं ही!

प्रत्यक्षातही असं घडलंय. कॅनडाच्या न्यूफाउंडलँड किनाऱ्यावर १९६८ साली सुमारे आठ लाख टन कॉड मासळी निघाली होती. १९९२ साली सरकारला तिथली कॉडची मासेमारी बंद करावी लागली. तीस हजारांच्या वर माणसांचा रोजगार गेला. ती बंदी उठायला २०२४ साल उजाडलं.

सरकारी धोरण शिकवणाऱ्या शाळांत हाच प्रश्न दुसऱ्या अंगाने येतो. १९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी लिहिलं की सामाईक कुरणात जो तो आपलं एक जनावर वाढवतो आणि कुरण उजाड होतं. उपाय काय, तर सरकारने ताबा घ्यावा नाहीतर वाटे करून टाकावेत. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंना हे पटलं नाही. त्यांनी १९६५ साली पीएच.डी. केली ती चक्क भूजलावर! कॅलिफोर्नियात किनाऱ्याजवळ इतका उपसा झाला की विहिरींत समुद्राचं खारं पाणी शिरू लागलं. तिथल्या उपसा करणाऱ्यांनी संघटना केली, कोण किती उपसतो ते मोजलं, उपसा कमी करायचं आपसांत ठरवलं आणि त्यावर कोर्टाचा शिक्का घेतला. पुढे देशोदेशीची अशी उदाहरणं त्यांनी गोळा केली. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्याच बाई.

मला यातलं 'मोजलं' एवढंच धरून ठेवावंसं वाटलं. आप्पांच्या गावात पाणी कोणी मोजतच नव्हतं.

मग जानेवारीत त्या गावच्या शाळेच्या व्हरांड्यात आम्ही तोच खेळ हरभऱ्यावर खेळलो. परातीत १०० हरभरे, सहा गट. फेरीनंतर जेवढे उरतील ते मी दुप्पट करायचे, पण १०० च्या वर नाही. पहिल्या डावात बोलायला बंदी. पहिल्या फेरीत प्रत्येकाने दहा उचलले, दुसरीत बारा. तिसऱ्या फेरीला परातीत उरले सोळा आणि त्यावर अशी झोंबाझोंबी झाली की परात उपडी व्हायची बाकी! तिथेच डाव खलास. सगळ्यांचे मिळून १४८ हरभरे.

दुसऱ्या डावात बोलायला मोकळीक. बचत गटातल्या एक आजी म्हणाल्या, "आठ-आठ घ्या की रं, निम्मं तर राहू द्या." आणि त्या मोठ्यांदा मोजायला बसल्या. तिसऱ्या फेरीत एका गटाने पाच जास्त उचलले, तेही आजींनी पकडले. पुढच्या फेरीला त्या गटाला पाच कमी मिळाले. पाच फेऱ्यांत २४० हरभरे निघाले आणि परात भरलेली ती भरलेलीच.

आता ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींसाठी. २००९ चा भूजल अधिनियम राज्यात २०१४ पासून लागू आहे. शेतीसाठी ६० मीटर, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल विहीर वा बोअर घ्यायला त्यात मनाई आहे. मग ६०० फुटांची गाडी गावात उभी कशी राहते, हे मी तुम्हाला काय सांगू? नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीला बोअर नाही असं गावानेच ठरवलं. तिथे दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावर पिकं ठरतात. कागद सरकारी नाही, गावचा आहे, म्हणून तो पाळला जातो असं माझं मत.

मोजायला फार काही लागत नाही. फूट मारलेली दोरी, टोकाला वजन. पावसाळा संपताना एकदा आणि मे अखेर एकदा, जमिनीपासून पाणी किती खाली ते बघायचं. मोटार रात्रभर बंद ठेवून सकाळी मोजावं, नाहीतर आकडा फसवतो. आकडे शाळेच्या भिंतीवर लिहायचे, म्हणजे कोणाचे काय ते सगळ्यांना दिसतं.

त्या दिवशी अकरा जणांनी नावं दिली. आप्पांनी दिलं नाही. "माझ्या हिरीत कोणी डोकवायचं नाय," असं म्हणून ते उठून गेले. मेअखेरीस दोरी घेऊन मी पुन्हा जाणार आहे, पहिल्यांदा त्यांच्याकडेच.